वाचक बोलेपर्यंत

तुझी आजी काय काम करायची, असं शाळेत कुणी विचारलं की माझी नात सांगते, "कॉम्प्युटर चालू करायची." ऐकणारे हसतात. पण पोरीनं माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन केलंय की मला त्यातला एक शब्दही बदलावासा वाटत नाही. अकोल्यातल्या एका अंध प्रशिक्षण केंद्रात एकोणीस वर्षं मी कॉम्प्युटर चालू केले. बंद कुणीही करतं.

संपादकांनी कळवलं होतं की कामातले समाधानाचे क्षण लिहा. आठवायला बसले तर समाधानाच्या खात्यात दुपारचा चहा तेवढा निघाला. धास्तीचे प्रसंग मात्र न बोलावता रांगेनं येऊन उभे राहिले. त्यातला जो अजून माझी पाठ सोडत नाही तोच लिहिते.

आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. तुम्ही मशीनचं बटण दाबता, नाव आणि पासवर्ड टाकता, मग पडद्यावर एक चित्र येतं, त्यावर खुणा येतात, आणि तुम्ही म्हणता, झालं चालू. त्या चित्राला डेस्कटॉप म्हणतात. ज्याला दिसत नाही त्याच्या दृष्टीनं हे चित्र आलं काय नि न आलं काय. त्याचं मशीन चालू होतं ते बोलायला लागल्यावर. पडद्यावर जे जे आहे ते मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. आम्ही त्याला 'वाचक' म्हणायचो. वाचक आला नाही तर मशीन धडधाकट असून काही उपयोग नाही.

आमच्या केंद्रात एका बँकेनं काढून टाकलेली अकरा मशीनं होती. इतकी जुनी की लिनक्सशिवाय त्यांच्यावर काही चालेना. लिनक्स म्हणजे मशीन चालवणारी मूळ व्यवस्था. ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही, त्यामुळे तिच्यातलं काहीही उघडून बदलायला कुणाची आडकाठी नसते. मला तर थोडी आडकाठी असती तरी बरं झालं असतं. पहिल्याच महिन्यात मी एका मशीनची सुरुवातीची फाइल अशी काही सुधारली की पडदा काळाठिक्कर पडला आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. मी मुख्याध्यापकांना गंभीरपणे सांगून आले की मशीन जळलं. जळलं वगैरे काही नव्हतं. मी डेस्कटॉप बोलावणारी ओळच पुसली होती. ते बिचारं कुणाला बोलावू म्हणून वाट पाहत बसलं होतं.

तर डेस्कटॉप सुरू होताना एक यादी वाचतो. लग्नघरात असते तशी. आधी मांडववाला, मग आचारी, मग बँडवाला. वाचकाचं नाव त्या यादीत घातलं की तो आपोआप हजर व्हायला हवा. घातलं. आणि तो चार दिवस यायचा, दोन दिवस मुका बसायचा. तीन महिने मी त्याच्यामागे होते.

ते कोडं सोडवलं गुलाबरावकाकांनी. हे रिद्धपूरचे, पेटी शिकवून निवृत्त झालेले, दृष्टी साठीत गेलेली. वाचकाला पोपट म्हणायचे आणि त्याच्या मराठीवर रोज टीका करायचे. त्याला 'ळ' येत नाही ही त्यांची मुख्य तक्रार होती. एक दिवस ते स्पीकरवर तळहात ठेवून बसले. म्हणाले, "बाई, पुन्हा चालू करा." केलं. पुन्हा करायला लावलं. पाचव्यांदा म्हणाले, "ह्याच्यात एक टिक होते पाहा. ज्या दिवशी टिक आधी होते त्या दिवशी पोपट बोलते. आज टिक मागून आली. पोपट बोलून मोकळा झाला, गळा मागून आला."

आवाजाची व्यवस्था जागी होण्याआधीच आमचा वाचक येऊन बोलून घेत होता. मी यादीत त्याच्या नावाआधी लिहिलं, 'दहा सेकंद थांब.' संपली गोष्ट. पुण्याहून आलेला एक इंजिनीअर हा उपाय बघून हसला होता, पण त्याच्याकडे दुसरा नव्हता. गुलाबरावांचं नाव मात्र मी त्याला सांगितलं नाही. शोध मीच लावला, अशा चेहऱ्यानं उभी राहिले.

तेव्हाची मी म्हणजे एक असह्य बाई होते. पेन ड्राइव्ह गळ्यात घालायचे, मंगळसूत्राच्या वर. कुणी पाहुणा आला की मशीनांची बटणं दाबून दोन्ही हात वर करायचे, जत्रेतल्या जादूगारासारखे, आणि म्हणायचे, "कुठेही हात लावायचा नाही. सगळं आपोआप." दहा सेकंदांनी अकरा मशीनं एका सुरात 'स्वागत' म्हणायची. पाहुणा खूश, संस्था खूश, मी तर काय बोलूच नका.

आता वंदना. ही हिवरखेडची. जन्मापासून दिसत नाही. आई मजुरी करून हिला अकोल्याच्या वसतिगृहात ठेवायची. माझ्याकडे दीड वर्ष शिकली आणि एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली, तात्पुरती. कायम व्हायचं तर खात्याची कॉम्प्युटरची परीक्षा पास व्हायची होती. एक पत्र लिहायचं, एक तक्ता करायचा, दिलेलं वाचून उत्तरं द्यायची. तीन संधी. पहिल्या दोन वेळा तिला लेखनिक दिला. म्हणजे ही सांगणार, तो करणार. पहिल्याला तक्ता म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. दुसरीनं सगळा तक्ता एकाच रकान्यात भरला. वंदना दोन्ही वेळा नापास झाली, दुसऱ्यांच्या हातांनी.

तिसऱ्या वेळी तिनं अर्ज केला की मला लेखनिक नको, वाचक असलेलं मशीन द्या. मंजूर झालं. परीक्षा अमरावतीला, एका कॉलेजच्या लॅबमध्ये. अट अशी की प्रशिक्षकानं आदल्या दिवशी येऊन मशीन तयार करून द्यावं. परीक्षेच्या दिवशी प्रशिक्षक दाराबाहेर. ही शेवटची संधी. गेली की नोकरीही गेली.

आदल्या दिवशी मी, वंदना आणि तिची आई अमरावतीला गेलो. लॅबचा माणूस माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं मुख्य पासवर्ड टाकून वाचक बसवून दिला, मराठी आवाज बसवून दिला, आणि चहाला गेला. सुरुवातीच्या यादीचं काम मी केलं. दहा सेकंद थांब, मग वाचक. मशीन बंद केलं, चालू केलं. बोललं. पुन्हा केलं. बोललं. आठ-नऊ वेळा झाल्यावर वंदना खुर्चीतून म्हणाली, "मॅडम, आता पुरे करा. त्या मशीनले बी कटाया आला असन."

मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हटलं, "तू फक्त बसायचं. तो येईल आपोआप."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला वंदनाला आत घेतलं. मी आणि तिची आई व्हरांड्यात बाकावर. समोर लॅबची खिडकी, तिला गज. वंदनाचं मशीन खिडकीकडेच होतं, पडदा तिरपा दिसत होता. परीक्षा अकराला. तेवढ्यात कॉलेजचे शिपाई पाण्याची कॅन घेऊन आले आणि बाकाच्या टोकाला टेकले. सांगू लागले की सकाळपासून दम घेतला नाही, साहेबांनी प्रत्येक मशीनवर नवीन खाती उघडायला लावली, बैठक क्रमांकाच्या नावानं. जुन्या खात्यात कुणी कॉपीचं काही लपवून ठेवलं असेल तर, म्हणून.

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

का ते सांगते. यादी एक नसते, दोन असतात. एक गावाची, एक घराची. गावाची यादी त्या मशीनवर कुणीही आलं तरी वाचली जाते, पण तिच्यात लिहायला मुख्य पासवर्ड लागतो. घराची यादी ज्याच्या त्याच्या खात्यात, एका लपलेल्या फोल्डरमध्ये. तिच्यात ज्याचं खातं त्याला लिहिता येतं, कुणाला विचारावं लागत नाही. मी काल लॅबच्या खात्यात बसले होते आणि वाचकाचं नाव त्या खात्याच्या घरच्या यादीत लिहिलं होतं. आज वंदना नव्या घरात बसणार होती. त्या घराची यादी कोरी.

आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी वर्गात शिकवायचे हे. पण गावाच्या यादीत लिहायचं तर त्या पोराला चहावरून परत हाक मारावी लागली असती, आणि एवढ्यासाठी पासवर्ड मागितला तर तो म्हणेल बाईंना काही येत नाही. गळ्यात पेन ड्राइव्ह घातलेल्या बाईला ते कसं चालावं?

मी दाराशी गेले. परीक्षेचे केंद्रप्रमुख सभ्य गृहस्थ होते, तेच तर अवघड झालं. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आत आलात आणि मशीनला हात लावला, तर उद्या कुणीही म्हणेल की शिकवणाऱ्या बाईनं करून दिलं. मुलगी पास होऊन नापास होईल. चालेल तुम्हाला?"

मी म्हटलं, मी बाहेरून सांगते, तुम्ही करा. ते म्हणाले, परीक्षार्थीच्या मशीनला मीही हात लावत नाही. तिला काही अडलं तर तिनं हात वर करावा, मग लॅबवाल्याला बोलावू. मी म्हटलं, निदान एवढं तिला सांगा की तो येणार नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि दार लोटून घेतलं.

परत बाकावर आले. वंदनाच्या आईनं विचारलं, "काय झालं मॅडम? काहून घामेजल्या?"

"काही नाही, ऊन किती आहे बघा ना," मी म्हटलं. व्हरांड्यात सावली होती.

घंटा झाली. पर्यवेक्षक प्रत्येकापाशी जाऊन क्रमांक टाकत गेले. वंदनाच्याही मशीनवर टाकला. तिनं हेडफोन कानाला लावले. आणि इथे माझी खरी शिक्षा सुरू झाली, कारण आवाज येणार तो तिच्या कानात. आला की नाही ते जगात तिच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं. मला एकच खूण ठाऊक होती. वाचक बोलायला लागला की ती मान किंचित डावीकडे टाकते. मी तिच्या मानेकडे बघत दहा आकडे मोजले. मग वीस. माहीत होतं येणार नाही, तरी मोजत होते. म्हटलं, चुकून आलाच तर.

मान सरळच.

आजूबाजूच्या मशीनांवर लोकांचं टायपिंग सुरू झालं. वंदनाचा पडदा नुसता निळा होता. नवीन खातं पहिल्यांदा उघडताना मशीनला वेळ लागतो, ते घर मांडत असतं. तिनं हात कळफलकावर ठेवले होते आणि बसली होती, मी सांगितलं होतं तशी. तू फक्त बसायचं.

"मॅडम," वंदनाची आई म्हणाली, "तुमची बोटं पाहा."

मी बाकाच्या कडेवर टाइप करत होते.

"आता खरं सांगा," ती म्हणाली.

सांगितलं. माझी चूक आहे हेही सांगितलं. ती बाई ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "मंग तिले आत्ता काहीच आयकू येऊन नाही राहिलं?"

"नाही."

"अन् हे तिले कोणी सांगतलं बी नाही."

ती उठून खिडकीशी गेली. मीही गेले. हात वर कर, मी मनात म्हणत होते. पण मागच्या दोन परीक्षांत दुसऱ्यांचे हात लागून जिची वाट लागली होती, ती हात कशाला वर करते?

मग वंदनाची बोटं हलली. दोन कळा एकदम दाबल्या, मग चार अक्षरं, मग एक कळ. थांबली. मला कळलं ती काय करते आहे, आणि जीव अर्धा झाला, कारण पडदा अजून निळाच होता. लिनक्समध्ये त्या दोन कळा दाबल्या की एक छोटी चौकट उघडते. तिच्यात प्रोग्रामचं नाव लिहिलं, वाचकाचं इंग्रजी नाव चार अक्षरांचं, आणि ती शेवटची कळ दाबली की तो येतो, यादीत असो वा नसो. पण डेस्कटॉप पुरता मांडून झाल्याशिवाय चौकटच येत नाही. तिची चार अक्षरं पोकळीत गेली होती. झालं की नाही हे बघायला तिच्याकडे डोळे नव्हते, ऐकायला वाचक नव्हता.

खुणा आल्या. खालची पट्टी आली. मी गजाला डोकं टेकवून म्हणत होते, आता कर, आता कर. ती थांबलेली. मला वाटलं सोडून दिलं तिनं.

पुन्हा दोन कळा. पडद्याच्या मधोमध चौकट उघडली. चार अक्षरं. एक कळ. चौकट गेली.

मी या वेळी मोजलं नाही. मोजायची हिंमत नव्हती.

मान डावीकडे गेली.

"आला?" आईनं विचारलं.

"आला."

तिनं पदरानं तोंड पुसलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मला दिली आणि म्हणाली, "मघाशी मले ऊन सांगतलं तुमी." मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. परीक्षा संपेपर्यंत तिथेच होती. तिचं बरोबर होतं.

वंदना बाहेर आली ती काठी उघडतच. मी काही बोलायच्या आधी म्हणाली, "मॅडम, तुमचा वाचक नाही आला."

"मग?"

"मंग मीच बोलावला."

आता मला तिला पोटाशी धरायचं होतं, पण त्याहून मोठा एक प्रश्न होता. ही युक्ती मी तिच्या तुकडीला कधीच शिकवली नव्हती. कशाला शिकवू? माझ्या वर्गात सगळं आपोआप होत होतं. मी विचारलं, कुठे शिकलीस?

ती हसली. "तुमच्याच वर्गात. तुमी जेवाले गेल्या की आमी पोरी वाचक बंद करून टाकत होतो. मंग कोण आधी परत बोलावते, त्याची पैज. तुमी एकदा धरलं बी होतं आमाले. मशीनं बिघडवता म्हणून आठ दिवस बाहेर बसवलं. आठवते का?"

आठवलं. चार पोरी होत्या. मी त्यांना हेही म्हटलं होतं की तुम्हाला सुखात ठेवलेलं बघवत नाही. व्हरांड्यात आठ दिवस बसल्या. वंदना त्यातली एक, हे आत्ता कळत होतं. तेव्हा मला अकरा मशीनांची काळजी होती, चेहरे कुठे बघायला वेळ होता?

तिची आई म्हणाली, "आठ दिवस? मले नाही सांगतलं तू."

"तुले सांगतलं असतं तर तूनं अजून आठ दिवस बसवलं असतं," वंदना म्हणाली, आणि दोघी माझ्या पुढे जिना उतरायला लागल्या. मी मागे.

ती पास झाली. कायम झाली. तक्त्यात काही गुण गेले, सुरुवातीचा वेळ वाया गेला म्हणून. ते गुण माझे होते, पण ते तिच्या कागदावर आहेत आणि तिथेच राहणार.

अकोल्याला परतल्यावर मी अकराही मशीनांच्या याद्यांमधून वाचकाचं नाव काढलं. गावाच्याही, घराच्याही. संस्थेच्या लोकांना ते आवडलं नाही. पाहुण्यांना दाखवायला काही उरलं नाही. मी म्हटलं, पाहुण्यांना चहा द्या.

पुढची तुकडी जून महिन्यात आली. पहिल्या दिवशी मी त्यांना त्या दोन कळा आणि चार अक्षरं शिकवली आणि बटणं दाबायला लावली. अकरा मशीनं चालू झाली आणि सगळ्या खोलीत पंख्याशिवाय आवाज नाही. तिवस्याची एक मुलगी होती, सोळा-सतराची, पहिल्यांदाच मशीनपुढे बसलेली. तिनं दोन वेळा करून पाहिलं. काही झालं नाही. तिच्या पडद्यावर चौकट उघडी होती, नाव एका अक्षरानं चुकलं होतं. मला दिसत होतं. एक अक्षर.

"मॅडम, हे मेलं का?" ती म्हणाली.

"नाही."

"मंग बोलत काहून नाही?"

माझा हात तिच्या कळफलकाकडे निघाला होता. मी तो दुसऱ्या हातानं धरला, पाठीमागे नेला, आणि तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. ती पुन्हा चाचपत होती.